नोमचा खाणकामगार जॉन ब्रिन्टेसन

अलास्कात नोमचं सोनं ज्यांनी शोधलं, ते त्रिकूट ‘नशीबवान स्वीडिश’ म्हणून ओळखलं जातं. त्यातला याफेत लिंडेबर्ग खरं तर नॉर्वेचा. एरिक लिंडब्लोम पेशाने शिंपी. जॉन ब्रिन्टेसन मात्र पक्का खाणकामगार, आणि म्हणूनच त्याच्या वाट्याला निव्वळ नशीब आलं असं म्हणवत नाही.

१८७१ मध्ये स्वीडनच्या डाल्सलांड भागात जन्मलेला हा मुलगा विशीच्या आतच अमेरिकेला गेला आणि मिशिगनच्या तांब्या-लोखंडाच्या खाणींत राबला. दगड हातात घेऊन जोखण्याची नजर तिथे तयार झाली. १८९८ च्या सप्टेंबरात तिघे होडीने स्नेक नदीच्या मुखाशी आले आणि ॲनव्हिल ओढ्याची वाळू घोळताच सोनं हाती लागलं. खुंट ठोकून त्यांनी हद्दी आखल्या.

पुढचं काम कंबरडं मोडणारं. उन्हाळा तोकडा, तेवढ्या दिवसांत लाकडी पन्हळीत खडी-वाळू टाकून वरून पाणी सोडायचं. जड सोनं तळाच्या आडव्या पट्ट्यांत अडकतं, बाकी वाहून जातं. सोनं खोलवर असेल तिथे जमीन बारमाही गोठलेली, कुदळ चालेना. मग हिवाळ्यात विवर खणून तळाशी रात्रभर आग ठेवायची, सकाळी राख बाजूला करून सैल झालेली खडी तेवढी उपसायची, रहाटाने बादली वर ओढायची आणि पुन्हा आग पेटवायची. वर साठलेला ढीग धुवायला वसंतातल्या पाण्याची वाट पाहायची.

१९०० च्या उन्हाळ्यात नोममध्ये हजारोंची झुंबड उडाली. परक्या देशातल्यांना खाणीचा हक्क नाही, असा कांगावा करून त्यांचे दावे बळकावायला माणसं पुढे सरसावली. कायद्यानुसार नागरिकत्व घेण्याचा इरादा जाहीर केलेला असला तरी पुरेसं होतं. तरीही जुलैमध्ये न्यायाधीश आर्थर नॉयस यांनी या खाणी अलेक्झांडर मॅकेन्झी या राजकारण्याच्या ताब्यात दिल्या, आणि त्याने सोनं काढायला सुरुवातही केली. मालकांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या अपील न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने खाणी परत करायला सांगितलं. मॅकेन्झीने आदेश धुडकावला, त्याला अटक झाली, एक वर्षाची शिक्षाही झाली. पण राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांच्या माफीने तो काही महिन्यांतच सुटला. मला हे आजही संतापजनक वाटतं.

ब्रिन्टेसन पुढे स्वीडनला परतला, तिथे जमीन-जुमला घेतला आणि १९५९ मध्ये वारला.