खारफुटीचे राखणदार

मुंबईहून अहमदाबादेकडे जाणारा रस्ता वरसावे येथें वसईची खाडी ओलांडतो. पुलावरून जाणाऱ्याला कांठची खारफुटी म्हणजे नुसतें रान वाटतें. परंतु तिच्या मुळांत मासळीचीं पिलें वाढतात व भरतीचा जोर मोडतो.

अशा रानासाठीं झटणाऱ्या संस्थेंतील काम कसें असतें? पक्ष्यांच्या ओढीनें तेथें आलेल्या तरुणाच्या हातीं प्रथम येतात ते कागद. भराव कोठें पडला, भरतीचें पाणी कोठें अडलें, हें एक दिवस चिखलांत उतरून टिपावयाचें. मग कित्येक महिने नकाशे, सातबाराचे उतारे, अर्ज आणि न्यायालयाच्या तारखा!

याचें फळ लहान नाहीं. ‘बॉम्बे एन्व्हायरन्मेंटल अ‍ॅक्शन ग्रुप’ या संस्थेनें २००४ सालीं केलेल्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानें २००५ मध्यें राज्यभर खारफुटीच्या तोडीस मनाई केली. अंतिम निकाल २०१८ मध्यें लागला. तथापि हुकूम झाला म्हणून रात्रीं राडारोडा टाकणारी गाडी आपोआप थांबत नाहीं. तिची तक्रार कोणास तरी करावीच लागते.

पूल बांधणारा आपला पूल दाखवूं शकतो. या कार्यकर्त्यास दाखवावयास असते ती केवळ जेथल्या तेथें उभी राहिलेली खारफुटी. आणि तीच त्याची कमाई होय.