निदानानंतर (भाग 5) : पगाराचं काय?

स्तनाच्या कर्करोगाच्या बायॉप्सीचा अहवाल आला, ईआर, पीआर, हर-टू हे गाठीचा प्रकार सांगणारे शब्द कानावर पडले, डॉक्टरांनी वेळापत्रक मांडलं. पुण्याजवळच्या निगडी-तळवडे-चाकण या कारखान्यांच्या पट्ट्यात नोकरी करणाऱ्या बाईच्या मनात त्यानंतर येणारा प्रश्न बहुधा औषधाचा नसतो. तो रजेचा असतो.

वेळापत्रकच तसं असतं. अनेकींना आधी 'लाल औषधाच्या' (डॉक्सोरुबिसिन) 4 केमो, दर 3 आठवड्यांनी. मग पॅक्लिटॅक्सेल, दर आठवड्याला एक अशी 12. एवढ्यातच 24 आठवडे गेले. शस्त्रक्रिया वेगळी. रेडिएशन पूर्वी 5 आठवडे चालायचं. ब्रिटनमधल्या चाचण्यांनंतर ते बऱ्याच जणींसाठी 3 आठवड्यांवर आलं. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर ट्रास्टुझुमॅब वर्षभर, दर 3 आठवड्यांनी. शिवाय पॅक्लिटॅक्सेलने बोटं बधिर होतात. वायरिंग हार्नेसच्या लाइनवर दिवसभर बारीक कनेक्टर बसवणाऱ्या बाईला 'थोडी बधिरता येईल' हे वाक्य डॉक्टरांना वाटतं तेवढं किरकोळ नसतं.

अशा वेळी कामाला येणारी तरतूद पगाराच्या चिठ्ठीतच असते. महिन्याला 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराचे 0.75 टक्के कामगार राज्य विमा योजनेला, म्हणजे ईएसआयला जातात, मालक 3.25 टक्के भरतो. प्रा. बी. पी. आडारकरांच्या 1944 च्या अहवालातून आणि 1948 च्या कायद्यातून ही योजना उभी राहिली. बहुतेकांना ती दवाखान्यापुरतीच ठाऊक असते. चिंचवडच्या मोहननगरातलं ईएसआयचं रुग्णालय लोकांना माहीत असतं. आजारपणात पगाराचा हिस्साही मिळतो हे माहीत नसतं.

आधी वर्षाला 91 दिवसांपर्यंत सरासरी रोजाच्या 70 टक्के. कर्करोगासारख्या 34 दीर्घ आजारांत त्यापुढे 80 टक्के, 2 वर्षांपर्यंत. समजा पगार 18,000 आहे, म्हणजे रोज 600. आधी दिवसाला 420, नंतर 480, म्हणजे महिन्याला 14,400 रुपये. त्यात घरभाडं निघतं. त्यासाठी ईएसआयच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र वेळच्या वेळी लागतं, म्हणून केमोची प्रत्येक नोंद फाइलला लावलेली बरी.

खोच आहे ती अटीत. या वाढीव लाभासाठी 2 वर्षांची सलग नोकरी हवी आणि मागच्या 4 अंशदान कालखंडांत मिळून 156 दिवसांची वर्गणी भरलेली हवी. एप्रिल ते सप्टेंबर हा एक कालखंड, ऑक्टोबर ते मार्च हा दुसरा. कायम कामगाराला हे सहज जमतं. पण ठेकेदाराकडच्या बाईला काही महिन्यांनी 'ब्रेक' मिळतो, ठेकेदार बदलतो, कधी नव्याच आयपी नंबरवर (ईएसआयचा विमा क्रमांक) नाव चढतं. तीच लाइन, तेच काम, पण कागदावर सलगता तुटलेली. ज्यांना या पैशाची गरज सर्वांत जास्त, त्यांनाच तो हुकण्याची शक्यता जास्त; ही अट कंत्राटी कामाचं आजचं रूप डोळ्यांसमोर ठेवून तपासायला हवी. तोवर जुना नंबर नव्या ठेकेदाराला देणं, तोच चालू ठेवायला लावणं, एवढं तरी हातात असतं.

21,000 च्या वर पगार गेला की कंपनीचा मेडिक्लेम. तो बिल भरतो, पगार नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि केमो, शस्त्रक्रिया, रेडिएशन त्यात बसतं. बुडालेल्या मजुरीचं तिथेही काही नाही. नवऱ्याच्या ईएसआयवर उपचार घेणाऱ्या बायकोचंही तसंच. ती निगडीच्या यमुनानगरात चार घरी पोळ्या लाटत असेल, तर शेजारच्या प्राधिकरण वसाहतीतल्या एखाद्या बाईने 'बरी होईपर्यंत पैसे देते' म्हटलं तरच काही मिळतं. म्हणणाऱ्या असतात. दुसरी बाई ठेवणाऱ्याही असतात.

कामावर परतताना प्रश्न बदलतात. बगलेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हात सुजण्याचा धोका पुढे कित्येक वर्षं राहतो. भिंतीवर बोटं चढवत नेण्याचा व्यायाम शस्त्रक्रियेनंतर शिकवतात. जड ट्रे उचलण्याचं काम निदान सुरुवातीला टाळावं, हे सुपरवायझरला डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहून नेलं तर जागा बदलून मागता येते. या सुजेबद्दल पुढच्या आठवड्यात.