झाड संपते तिथून पुढे

आधुनिक शिल्पकलेबद्दल एक सोपी गोष्ट नेहमी सांगितली जाते. आधी लाकूड आणि दगड होते, मग कारखाने आले, शिल्पकारांनी पटाशी खाली ठेवली आणि एकसारखे सुटे घटक जोडून कलाकृती उभ्या करायला सुरुवात केली. या गोष्टीत कॉन्स्टंटिन ब्रांकुश या रुमानियन शिल्पकाराच्या ‘अनंत स्तंभा’ला मानाचे पान मिळते. १९१८चा स्तंभ ओकच्या लाकडातला, दोन मीटरांहून किंचित उंच. १९३७ साली रुमानियातल्या तिर्गू जिऊ गावी उभा राहिलेला स्तंभ बीड आणि पोलादाचा, २९ मीटरांच्या वर. मधल्या वीस वर्षांत सुताराचा यंत्रयुगीन कलावंत झाला, असे म्हटले की प्रकरण मिटते. पण हे दोन्ही स्तंभ कसे बनले ते पाहिले, तर वेगळेच दिसते. ब्रांकुश लाकूड सोडून लोखंडाकडे गेला नाही. लाकडात सुचलेली, पण लाकडाला न पेलणारी एक मागणी पुरी करायला त्याने लोखंडाची मदत घेतली.

ब्रांकुशचा जन्म १८७६चा, होबित्सा नावाच्या खेड्यातला. त्या भागात घराच्या ओसरीचे खांब कोरीव असत आणि लाकूड हे रोजच्या हाताचे साहित्य होते. पुढे क्रायोव्हाच्या कलाव्यवसाय शाळेत त्याने काम शिकून घेतले. १९०४ पासून तो पॅरिसला होता. तिथे आपल्या शिल्पांच्या बैठकाही तो स्वतः घडवी आणि अनंत स्तंभाचा आकार मुळात अशाच एका बैठकीचा. मध्ये रुंद, दोन्ही टोकांना निमुळता असा चौकोनी घटक, त्यावर तसाच दुसरा, त्यावर तिसरा. मग कधीतरी वरचे शिल्प गेले आणि बैठकच शिल्प म्हणून उभी राहिली. पाहणाऱ्याला वाटते, हे एकावर एक रचलेले तुकडे आहेत. प्रत्यक्षात १९१८चा स्तंभ अखंड आहे. एकाच लाकडाला खाचा पाडून त्यात घटकांचा भास निर्माण केलेला आहे. सुटा असा एकही तुकडा त्यात नाही. साहजिकच झाड जेवढे, तेवढाच स्तंभ. १९२०च्या सुमारास छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेन यांच्या फ्रान्समधल्या बागेत ब्रांकुशने एका खोडातून सुमारे सात मीटरांचा स्तंभ कोरला. स्टायकेन १९२७ साली ती जागा सोडून गेले, तेव्हा तो करवतीने कापूनच खाली आणावा लागला. आकृती सांगते की मला थांबायचे नाही, आणि खोड म्हणते इथवरच. ही अडचण कौशल्य वाढवून सुटण्यासारखी नव्हती.

ती सुटण्याची संधी १९३५ साली आली. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, जिऊ नदीकाठी पडलेल्या सैनिकांचे स्मारक गोर्ज जिल्ह्यातल्या महिलांच्या संघटनेला उभारायचे होते आणि ते काम ब्रांकुशकडे आले. अभियंता श्टेफान जॉर्जेस्कू-गोरजान यांनी पेट्रोशानीच्या कार्यशाळेत बिडाचे पोकळ घटक ओतून घेतले आणि मधोमध उभ्या केलेल्या पोलादी कण्यावर ते एकेक करून माळेतल्या मण्यांसारखे ओवले. पूर्ण घटक पंधरा, वर आणि खाली अर्धे. अरुंद टोक ४५ सेंटीमीटर, रुंद भाग ९०, उंची १८०, म्हणजे एकास दोनास चार. त्यावर पितळी मुलामा चढला. ओतकामासाठी लागणारा नमुना मात्र लाकडाचाच होता आणि त्यावर शेवटचा हात ब्रांकुशने स्वतः फिरवला. फाउंड्रीतून बाहेर पडलेला प्रत्येक घटक त्या एका लाकडाची प्रत आहे. ‘यात कलाकाराने काय केले, ओतले तर कामगारांनी’ असे विचारणाऱ्याने आधी या नमुन्याकडे पाहावे. शिवाय एकच माप सोळा-सतरा वेळा दिसणार असेल, तर ते ठरवणे अधिकच जोखमीचे होते, कारण चूकही तितक्याच वेळा दिसते.

याहून वजनदार आक्षेप प्रामाणिकपणाचा आहे. भार सगळा आतल्या पोलादाने पेलायचा आणि रचल्याचा आव बिडाने आणायचा, मग बाहेरचे घटक म्हणजे नुसते आवरणच की! वस्तुस्थिती म्हणून हे खरेच आहे. पण उलट बाजूने विचार करून पाहा. वाऱ्याने वाकवण्याचा ताण उंच खांबाच्या तळाशी सर्वांत जास्त असतो. घटकांनीच तो सोसायचा ठरवले असते, तर खालचे घटक जाड आणि वरचे बारीक करावे लागले असते आणि ४५ सेंटीमीटरच्या कंबरा पहिल्यांदा धोक्यात आल्या असत्या. घटक शेंड्यापासून बुडापर्यंत एकसारखे हवे असतील, तर त्यांना भारातून मोकळे करावेच लागते. कणा लपवण्याखेरीज ती समानता मिळाली नसती. वरचा अर्धा घटक रुंद होत असतानाच तोडला आहे, म्हणून नजर पुढचा भाग मनात पुरा करते. हे भाराच्या हिशेबातून नव्हे, लयीच्या हिशेबातून आलेले आहे.

एकसारखे घटक प्रामाणिकपणे कसे रचायचे, या प्रश्नाचे दुसरे उत्तर अमेरिकन शिल्पकार कार्ल आंद्रे यांनी दिले. १९५८-५९च्या सुमारास ब्रांकुशच्या प्रभावाखाली ते लाकडावर काम करत होते. नंतर काही वर्षे रेल्वेत नोकरी केली. १९६६ साली त्यांनी १३७ भट्टीच्या विटा जमिनीवर एका ओळीत मांडल्या आणि पुढे पोलादी पत्रे चौरसात अंथरले. कणा नाही, खिळा नाही, सांधा नाही. प्रामाणिकपणाच्या कसोटीवर आंद्रे अर्थातच पुढे जातात. पण त्यासाठी त्यांनी उंची सोडली आणि उंचीबरोबर ब्रांकुशची सगळी अडचणही जमिनीवर आली.

यंत्रयुगाकडे झालेल्या प्रवासाची गोष्ट आणखी एका ठिकाणी अडते, आणि ते ठिकाण आपल्या ओळखीचे आहे. नोव्हेंबर १९३७ मध्ये स्तंभ उभा राहिला आणि ऑक्टोबर १९३८ मध्ये स्मारकाचे लोकार्पण झाले. मधल्या हिवाळ्यात ब्रांकुश इंदूरला येऊन गेला. तिथले महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी त्याची ‘अवकाशातला पक्षी’ ही शिल्पे घेतली होती, आणि ध्यानमंदिराची योजना आखली होती. मंदिर काही झाले नाही. पण त्यासाठी योजलेले ‘राजांचा राजा’ हे तीन मीटर उंचीचे शिल्प त्याने ओकमध्ये कोरले. बिडाचा एवढा मोठा स्तंभ जमल्यानंतरही गरज वेगळी होती, तिथे पटाशीच पुन्हा हातात आली.

१९९६ साली दुरुस्तीसाठी तिर्गू जिऊचा स्तंभ उतरवला गेला, तेव्हा वादाचा मुद्दा न दिसणारा पोलादी कणाच होता: तो बदलायचा की ठेवायचा. मूळ कणा राखून काम २००० साली पुरे झाले आणि २०२४ मध्ये हे स्मारक युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. कण्याला केवळ टेकू मानणाऱ्यांना तो खुशाल बदलता आला असता. तो राखणाऱ्यांनी, माझ्या मते, शिल्प अधिक नीट वाचले होते.