पाच रुपयांची पुडी आणि पन्नास मीटरचा कायदा

परवा चिखली तालुक्यातील उंद्री येथे जाणे झाले. शाळेची मधली सुट्टी होती. पोरे फाटकाबाहेर धावली आणि पाच-पाच रुपयांच्या तेलकट, तिखट-मीठ मारलेल्या पुड्या घेऊन परतली. त्यात एक गुबगुबीत पोरगा होता. पारावरचे एक वडीलधारे म्हणाले, "लय खादाड हाय तो!" आम्ही विचारले, "बाबा, या फाटकापुढं दुसरं काय मिळते खायला?" ते गप्प राहिले.

प्रश्न नेमका हाच आहे. पोराच्या जिभेला दोष देण्याआधी त्याच्यापुढे काय ठेवले आहे ते पाहा.

काल-परवापर्यंत अर्धपोटी राहिलेल्या समाजाने लठ्ठपणाची चिंता कशाला करावी, असे कोणी म्हणेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील अतिवजनी बालके २०१५-१६ मध्ये १.९ टक्के होती. २०१९-२१ मध्ये ती ४.१ टक्के झाली. त्याच वेळी ३५.२ टक्के बालके खुरटलेली होती. एकाच वस्तीत एक पोर खुरटते, दुसरे फुगते. सकस अन्नाला दोघेही पारखे! युनिसेफने सप्टेंबर २०२५ मध्ये सांगितले की, ५ ते १९ वयोगटात लठ्ठ मुलांचे जागतिक प्रमाण कमी वजनाच्या मुलांपेक्षा प्रथमच जास्त झाले आहे.

आई दिवस उगवताच सोयाबीन सोंगायला जाते. जाताना पोराच्या हातावर पाच रुपये ठेवते. पाच रुपयांत अंडे येत नाही, पुडी येते. यात त्या माउलीचा काय गुन्हा?

कोसलनरेश प्रसेनजित अति जेवून सुस्तावत असे. तथागतांनी त्याला मात्रा ओळखून जेवायला शिकवले. पण राजापुढे पंचपक्वान्ने होती, त्यातून निवडणे त्याच्या हाती होते. आमच्या पोरापुढे निवडच नाही. त्याला संयमाचा उपदेश करणे ही थट्टा आहे.

राज्यघटनेचे ४७वे कलम जनतेचे पोषण सुधारणे हे राज्याचे कर्तव्य मानते. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी शाळेत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जादा चरबी, मीठ वा साखरेचे पदार्थ विकता येत नाहीत. कायदा आहे, तो गावात पोहोचला का? उलट शालेय पोषण आहारातील अंड्यासाठीचा निधी राज्य शासनाने जानेवारी २०२५ मध्ये बंद केला आणि लोकवर्गणी काढा म्हणून सांगितले. ताटातले अंडे काढायचे आणि फाटकापुढची पुडी तशीच ठेवायची, हा कुठला न्याय?

दुकानदार आपला शत्रू नाही. तोही पोटासाठीच बसतो. त्याच जागी फुटाणे, शेंगदाणे, केळी, उकडलेली अंडी विकली जाऊ शकतात. बचत गटाच्या भगिनी हे काम सहज करतील.

म्हणून येत्या ग्रामसभेत दोन ठराव मांडा : पन्नास मीटरचा नियम पाळला जावा आणि अंड्याचा निधी शासनाने द्यावा. ठरावाची प्रत अन्न व औषध प्रशासनाला आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या, पोच घ्या. अर्ज लिहून हवा असेल तर आम्ही विनामूल्य लिहून देऊ. शिकलेल्या पोराची छाती भरलेली असावी, पोट फुगलेले नव्हे!