मळवली ते भाजे : दोघींची पायवाट

मैत्रिणींनो, "जरा चालायला जाऊ या" म्हटलं, की आपल्याला आधी गॅसवरचं दूध आठवतं! पण एखाद्या सकाळी ते दूध घरच्यांवर सोपवा आणि पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरा. तिथून भाजे गाव जेमतेम दीड-दोन किलोमीटर. द्रुतगती मार्ग ओलांडला, की गाड्यांचा आवाज मागे पडतो आणि समोर लोहगड-विसापूर दिसू लागतात.

मी गेले ती थोरल्या जाऊबाईंबरोबर. घराच्या वाटणीवरून आमचं आठ महिने बोलणं बंद होतं. सासूबाईंनी मुद्दामच दोघींच्या दशम्या एकाच डब्यात बांधून दिल्या! गावापर्यंत दोघीही गप्पच होतो.

लेण्यांच्या पायऱ्या चढताना मला दम लागला. त्यांनी काही न बोलता हात पुढे केला. वर २२ लेणी आहेत. चैत्यगृह सुमारे २२०० वर्षांपूर्वीचं, अन् त्याच्या छताच्या लाकडी कमानी अजून शाबूत! वर बघत जाऊबाई म्हणाल्या, "लाकूड एवढं टिकलं गं, नि आपण?" मला हसू नि रडू एकदमच आलं.

तुम्ही पावसाळ्यात जाणार असाल, तर पायऱ्या निसरड्या असतात. सपाता नकोत, बूट घाला. पाणी जवळ ठेवा. दशम्या दुधात भिजवल्या, तर मऊ राहतात. रिकामे कागद परत आणा.

वाटणी अजून व्हायचीच आहे. पण दुपारचा चहा आता आम्ही एकत्र घेतो.