शंभरचा प्लॅन, तीनशेचा पिंग

घरातले चौघं एकाच वायफायवर असताना खेळ ऐन मोक्याच्या क्षणी अडकला, की 'नेट स्लो आहे' हे निदान ठरलेलं असतं आणि प्लॅन वाढवणं हा उपायही. पन्नास एमबीपीएसचे शंभर होतात, शंभरचे तीनशे. बिल वाढतं, लॅग तसाच राहतो. कारण प्लॅन वाढवून विकत मिळते ती सेकंदाला किती डेटा वाहून नेता येईल याची क्षमता, आणि खेळाला तिची फारशी गरजच नसते. 'व्हॅलोरंट' या ऑनलाइन खेळाचा सर्व्हर खेळाची स्थिती सेकंदाला 128 वेळा नव्यानं मोजतो, म्हणजे दर आठ मिलिसेकंदांच्या आत एकदा. त्यासाठी होणाऱ्या देवाणघेवाणीतली डेटाची पाकिटं अगदी छोटी असतात. एचडी सिनेमा काही मिनिटांत जेवढा डेटा खातो, तेवढ्यात तासभर खेळून होतं. मात्र प्रत्येक पाकीट वेळेवर पोचावं लागतं. उशिरा आलेलं पाकीट खेळाच्या लेखी न आल्यासारखंच. हा उशीर बहुतेक वेळा घरातच तयार होतो, हवेतल्या काही फुटांत नाहीतर राउटरच्या पोटात, आणि प्लॅनच्या पैशांनी तो हटत नाही, असं माझं म्हणणं आहे.

अंतराचा हिशेब आधी उरकून घेऊ. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. नागपूर ते मुंबई सरळ रेषेत सुमारे सातशे किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन सात मिलिसेकंद. केबल सरळ रेषेत जात नाही आणि वाटेत उपकरणंही लागतात, म्हणून वीस-तीस धरू. 'व्हॅलोरंट'चे सर्व्हर मुंबईत आहेत, त्यामुळे नागपूरच्या खेळाडूला एवढ्यात भागायला हवं. सिंगापूरचा सर्व्हर लागला तर निसर्गनियमानंच चौतीस-पस्तीसच्या खाली जाता येत नाही. तिथे कुणाचाच इलाज चालत नाही. पण पिंग, म्हणजे हा जाऊन-येऊन लागणारा वेळ, तीसवरून तीनशेवर उडी मारतो आणि दहा सेकंदांनी पुन्हा तीसवर येतो, तेव्हा मुंबई मधल्या मध्ये लांब सरकलेली नसते.

पहिला संशयित म्हणजे खुद्द हवा. 1971 मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटांवरचे संगणक रेडिओनं जोडणारं 'अलोहानेट' सुरू केलं. सगळ्यांना मिळून एकच वाहिनी. दोघं एकदम बोलले तर दोन्ही संदेश वाया, मग थोडं थांबून पुन्हा पाठवायचं. वायफायनं त्यात एवढंच शहाणपण घातलं, की बोलण्याआधी ऐकायचं आणि हवा मोकळी असेल तरच तोंड उघडायचं. एका वाहिनीवर एका वेळी एकानंच बोलायचं, ही अट कायम राहिली. आणि या 'सगळ्यांत' भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याचा राउटरही येतो. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच, 1, 6 आणि 11. सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये बसून मोबाइलवर किती नेटवर्कं दिसतात ते मोजलं, तर त्या तिघींवर किती गर्दी आहे ते कळतं. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही याच पट्ट्यात ढवळाढवळ करतो. याहून मोठा घोटाळा 2003 मध्ये ग्रेनोबलच्या संशोधकांनी दाखवून दिला. वायफाय प्रत्येक उपकरणाला बोलण्याची संधी सारखी देतं, पण वेळ सारखा देत नाही. लांबच्या खोलीतला, दोन भिंतींआडचा मोबाइल रेंज नाही म्हणून सावकाश बोलतो. पंधराशे बाइटचं एक पाकीट 11 एमबीपीएसला जेमतेम एक मिलिसेकंदात जातं, 1 एमबीपीएसला त्यालाच बारा लागतात, आणि तेवढा वेळ बाकीचे सगळे गप्प. म्हणजे राउटरच्या शेजारी बसून खेळणाराही मागच्या खोलीतल्या सर्वांत मंद उपकरणाच्या चालीनं चालू लागतो. आकडे त्या काळचे आहेत, आजचे वेग कैक पटींनी वाढलेत; तरी मंद उपकरणानं हवा अडवून ठेवायची, हे अनेक राउटरांवर अजून चालूच आहे. त्यात आपल्याकडे राउटर कुठे बसतो? जिथून फायबर घरात शिरली तिथे: दाराशी, चपलांच्या कपाटावर, बीमच्या आड.

दुसरा संशयित म्हणजे रांग. संगणक-जाळ्यांच्या क्षेत्रातले जुने जाणकार जिम गेटिस यांनी 2010 च्या सुमारास या दुखण्याला 'बफरब्लोट' हे नाव दिलं. मेमरी स्वस्त झाली तसे राउटर-मोडेम बनवणारे एकही पाकीट टाकावं लागू नये म्हणून मोठमोठे बफर, म्हणजे पाकिटं थोपवून ठेवायच्या जागा, ठेवू लागले. हेतू चांगला, परिणाम वाईट. समजा वर पाठवायचा वेग 10 एमबीपीएस आहे आणि राउटरमध्ये एक मेगाबाइटची रांग साचली आहे. ती ओसरायला 0.8 सेकंद लागतात. त्यामागे उभ्या राहिलेल्या खेळाच्या पाकिटाचा पिंग आठशेनं वाढला. ही रांग बहुधा कुणाच्या ध्यानीमनीही नसते; कुणाचा तरी मोबाइल चार्जिंगला लागलेला असतो आणि दिवसभराचे फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढवत असतो. चाळीतल्या एकाच नळावर पुढच्यानं पिंप लावलं, की तांब्याभर पाण्यासाठी आलेल्याचाही तेवढाच खोळंबा होतो. नळाची धार वाढवली तर? इथेच प्लॅनवाल्यांचा युक्तिवाद फसतो, कारण इंटरनेटवरच्या या पिंपाला तळ नाही. मोठी फाइल पाठवणारी यंत्रणा पाकिटं गळेपर्यंत वेग वाढवत नेते. मिळेल तेवढी जागा भरणं हाच तिचा स्वभाव. मोठ्या प्लॅननं रांग लवकर ओसरते हे खरं, पण ती लागायची राहत नाही. तांब्यावाल्याला आधी सोडणं हा खरा उपाय. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी 2012 मध्ये रांग आवरण्यासाठी 'कोडेल' ही पद्धत मांडली. तिच्यातून निघालेली, प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देणारी 'एफक्यू-कोडेल' पद्धत 2018 मध्ये इंटरनेटच्या अधिकृत दस्तऐवजांत नोंदवली गेली. बऱ्याच राउटरांत ती 'एसक्यूएम' किंवा 'स्मार्ट क्यू' अशा नावानं दडलेली असते. कंपनीनं फुकट दिलेल्या डब्यात मात्र सहसा नसते.

यावर कुणी म्हणेल, वायफाय 6 आलंय, आता कसली गर्दी? त्यात एकाच वेळी अनेक उपकरणांना सेवा देण्याची सोय आहे, पण दोन्ही टोकांना नवं यंत्र असेल तरच; घरातला जुना टीव्ही जुन्याच रीतीनं बोलतो. कुणी म्हणेल, खेळ बनवणारेच लॅग झाकतात ना? झाकतात. 1996 च्या 'क्वेकवर्ल्ड'पासून सर्व्हरच्या उत्तराची वाट न बघता पुढची हालचाल अंदाजानं दाखवण्याची युक्ती रुळली आहे. पण अंदाज बसतो तो ठरावीक उशिराचा. उशीर क्षणाक्षणाला बदलत असेल तर खेळाडू पुढे जाऊन रबरासारखा मागे खेचला जातो. तिसरा आक्षेप वडीलधाऱ्यांचा: पोरांच्या खेळासाठी एवढा खटाटोप कशाला? वाजवी प्रश्न आहे. पण व्हिडिओ कॉलवर आवाज तुटतो तो याच कारणांनी. खेळणारी मुलं फक्त ते आधी ओळखतात, आणि 'तू नेट खातोस' हा आरोप बहुतेक वेळा सगळ्यांत कमी नेट वापरणाऱ्यावरच होतो.

राहता राहिला खर्चाचा आणि भिंतींचा प्रश्न. तयार घरात केबल ओढणं कुणालाच आवडत नाही, हे मान्य. पण संगणक किंवा कन्सोल एका जागी बसलेला असेल, तर चौकटीच्या कडेनं नेलेली कॅट 6 वायर हवेचा प्रश्न मुळातूनच मिटवते, आणि जितकी यंत्रं तारेवर जातील तितकी हवा मोबाइलवाल्यांना मोकळी मिळते. तार शक्य नसेल तर 5 गिगाहर्ट्झचा पट्टा घ्यावा आणि राउटर उंचावर, घराच्या मध्याकडे आणावा. आणि प्लॅन वाढवण्याआधी एक चाचणी जरूर करावी. एका मोबाइलवरून मोठा व्हिडिओ अपलोडला लावा आणि खेळायच्या संगणकावरून आधी राउटरच्या पत्त्याला, मग बाहेरच्या एखाद्या पत्त्याला पिंग करून बघा. राउटरचाच आकडा उड्या मारत असेल तर दोष हवेचा. राउटर स्थिर आणि बाहेरचा अपलोडबरोबर फुगत असेल तर दोष रांगेचा. अपलोड बंद असतानाही बाहेरचाच आकडा उड्या मारत राहिला, तर मात्र खुशाल कंपनीला फोन लावा.