कोपऱ्याचा खांब

सुरूर फाट्यावरून वाईच्या रस्त्याला लागलं की भिंतींवर, टपऱ्यांच्या पत्र्यांवर एकच मजकूर पुन्हा पुन्हा दिसतो: 'तार कंपाउंड करून मिळेल', आणि खाली मोबाइल नंबर. या नंबरांमागची माणसं कोण, ती काम कसं करतात, हे बघून ये, असं संपादकांनी सांगितलं म्हणून मी गेले. धोमच्या जलाशयाकडे, मेणवलीकडे, पसरणीच्या बाजूला पुण्या-मुंबईच्या लोकांनी प्लॉट घेतलेत. घराचं नंतर बघू, आधी कंपाउंड, असा सगळीकडचा क्रम.

मराठीत काट्याकुट्यांच्या कुंपणाला 'वई' असा जुना शब्द आहे. निवडुंग, शेर, घायपात, बाभळीच्या फांद्या, नाहीतर रचलेल्या दगडांचा गडगा. हे काम घरचीच माणसं करायची. ग्लिडनने अमेरिकेत काटेरी तारेचं पेटंट घेतलं ते १८७४ साली. यंत्रावर विणलेली तारेची जाळी त्याहून जुनी: इंग्लंडमधल्या नॉर्विचच्या चार्ल्स बार्नर्डने १८४४ साली कापडाच्या मागावरून तिचं यंत्र बेतलं. इतिहास एवढा पुरे, कारण चौकटी-चौकटींची जाळी विणणारं एक यंत्र वाईजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये चालू होतं आणि मी त्याच्यासमोर तासभर उभी राहिले.

मोटरवर फिरणारं एक चपटं पोलादी पातं. त्याच्याभोवती नळी, नळीच्या आत मळसूत्री खाच. भेंडोळ्यातली तार खाचेत शिरते, पात्यावर गुंडाळली जात पुढं सरकते आणि बाहेर येते ती नागमोडी होऊन, गरगर फिरत. फिरता फिरताच ती आधीच्या तारेच्या वळणांत स्क्रूसारखी शिरत जाते. दुसऱ्या टोकाला पोचली की कारागीर ती तोडतो, दोन्ही टोकं शेजारच्या तारेत मुडपतो आणि जाळी एक घर पुढं ओढतो. जोड नाही, डाग नाही. तारा एकमेकींत नुसत्या फिरून बसलेल्या.

म्हणूनच ही जाळी दुरुस्त करणं सोपं आहे. डुकरानं किंवा पडलेल्या फांदीनं एखादी तार तुटली, तर तिची मुडपलेली टोकं सोडवायची आणि ती उलटी फिरवायची. सरसर बाहेर येते. तिथं नवी तार फिरवत घालायची. शेडमधल्या मामांनी मला हे करून दाखवलं. पक्कड आणि दोन हात, पाच मिनिटांत जाळी पुन्हा अखंड. तरीही 'फाटली, आता सगळं बंडलच बदला' असं सांगणारे भेटतात, आणि मालक मुंबईत असला की तो मान्यही करतो.

मामा पन्नाशीचे, तळहात जस्तानं करडे झालेले. जाळी विणतात आणि स्वतः जाऊन बसवतातही. मी जाळीच्या घरांबद्दल, उंचीबद्दल विचारत होते, तेव्हा म्हणाले, "ताई, जाळी आपनहून कधी पडत न्हाई. खांब पडतो आन् जाळीला संगं घिऊन जातो."

दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर साइटवर गेले. मधल्या खांबांना दोन्ही बाजूंचा ताण सारखा, ते एकमेकांना सांभाळतात. कोपऱ्याचा खांब मात्र दोन दिशांनी ओढला जातो आणि त्याला सावरायला दुसरं कुणी नाही. त्याला दोन तिरके टेकू लागतात. सगळे त्यांना सपोर्टच म्हणतात. कोपऱ्याचा खड्डा मामा स्वतः खणतात, गड्याला देत नाहीत. पहार मारायची, खोऱ्यानं माती काढायची, मुठीत दाबून बघायची. कृष्णाकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात दीड फुटावर थांबलं तर खांब दोन पावसाळ्यांत कलतो. खालचा मुरूम लागेपर्यंत जावंच लागतं. वर पाचगणीला जांभा, तिथं पहारच टणकन उडते. तिथं खड्डा उथळ चालतो, पण खणायला वेळ दुप्पट. फुटावर दर ठरवताना हा हिशेब कुणी मांडत नाही.

काँक्रीट घातल्यावर मामा आठवडाभर पाणी मारायला सांगतात आणि मगच जाळी ताणतात. घाईचं काम म्हणजे आज खांब, उद्या जाळी. आमच्या मावशीच्या प्लॉटवर एका कंत्राटदारानं असंच केलं. पहिल्या श्रावणात कोपरा आत झुकला, पुढच्या वर्षी तिथून गुरं आत शिरायला लागली. फोन केला तर नंबर बंद.

जमीन बघून बांधायचं, हे वाईला नवं शिकवायची गरज नाही. रास्त्यांनी १७६२ साली बांधलेल्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे, कृष्णेचा पूर आला की पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी जावं म्हणून. बांधणाऱ्यानं आधी नदी बघितली, मग दगड रचला.

आता अडचणी. त्या ऐकायला लागले आणि वही भरत गेली.

पहिली तारेची. गेजचा आकडा वाढतो तशी तार बारीक होते, हे पुष्कळ मालकांना माहीत नसतं. १२ गेजची एक मीटर तार साधारण ४३ ग्रॅम भरते, १४ गेजची २५. कारखानदार जाळी वजनावर विकतो, कंत्राटदार फुटावर लावतो. ठरलं १२ आणि लागलं १४, तर लांबून दोन्ही सारख्याच चमकतात. फरक कळतो तो जस्त उडून गंज चढल्यावर.

दुसरी दुरुस्तीची. चार फुटांच्या कामासाठी टेम्पो काढून कुणी येत नाही. मामा जातात, कारण बहुतेक त्यांनीच घातलेलं असतं.

तिसरी अडचण सगळ्यांत मोठी, आणि तिच्यात तारेचा काही दोष नाही. कुंपण घालायचं कुठं? एजंटनं पायांनी मोजून दाखवलेल्या हद्दीवर खांब उभे राहतात, आणि वर्षभरानं शेजारी सातबारा घेऊन दारात येतो. कधी त्याच तारेनं कुणाच्या तरी शेताची जुनी वहिवाटीची वाट अडते. अशी अडवलेली वाट मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदार मोकळी करायला लावू शकतात. मग उभं कंपाउंड पुन्हा उखडायचं. खांब उपटण्याची मजुरी मामांनीही घेतलीय. "घालताना आनंद वाटतो," म्हणाले, "काढताना लय जड जातं."

भांडण लागलं की कंत्राटदार हात वर करतो, तुम्ही दाखवलं तिथं मी घातलं. कागदावर बहुधा काहीच नसतं: ना गेज, ना खांबांमधलं अंतर, ना खड्ड्याची खोली. ॲडव्हान्सची पावतीसुद्धा नाही. मामांकडे शाळेची चौरेघी वही आहे. तिच्यात ते गिऱ्हाइकासमोर हे सगळं लिहितात आणि खाली सही घेतात. काम घेण्याआधी मोजणीची 'क' प्रत, म्हणजे हद्दीचा सरकारी नकाशा, मागतात. नसेल तर परत पाठवतात, आणि अशानं हातची कामं जातात, हेही त्यांनी सांगितलं.

तेव्हा प्लॉट घेतला असेल, तर भिंतीवरच्या नंबराला फोन करण्याआधी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज द्या. भूकरमापक येतील तेव्हा शेजाऱ्याला शेजारी उभं करून खुणा दाखवून घ्या. आणि कोपऱ्याचा खड्डा खणतील त्या दिवशी रजा काढून या, टेप घेऊन.